वाचकांचे प्रश्न : सपाट तळ घ्यावा की व्ही तळ?

प्रश्न : सिंहगड रस्ता आणि धायरी भागातले आम्ही चार मित्र मिळून एक जुनी मोटरबोट घेणार आहोत. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्याला लागून एकाची शेती आहे. तिथे पक्ष्यांचे फोटो, गळाने थोडी मासेमारी आणि जमलं तर पलीकडच्या काठापर्यंत फेरी, एवढाच बेत आहे. दोन बोटी पाहिल्या. पहिली फायबरची, १४ फुटी, खोल व्ही तळाची. इंजिनाशिवाय वजन २३० किलो. दुसरी ॲल्युमिनियमची, तीही १४ फुटीच, पण तळ सपाट आणि वजन ११० किलो. किमतीत फार फरक नाही. आमच्याकडे १५ एचपीचं फोर-स्ट्रोक, आखूड दांड्याचं आउटबोर्ड इंजिन आधीच आहे. कोणती घ्यावी?
– एक वाचक, धायरी

उत्तर : इंजिन तुमच्याकडे आधीच आहे, म्हणून तपासणीची सुरुवात तळापासून न करता मागच्या फळीपासून करा. ज्या उभ्या फळीवर इंजिन अडकवतात तिला ट्रान्सम म्हणतात. इंजिन जिथे टेकतं ती वरची कड आणि तळाची मधली, सगळ्यात खालची रेषा यांतलं अंतर टेपने मोजा. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. आखूड दांड्याच्या इंजिनाला ही उंची सुमारे १५ इंच लागते, लांब दांड्याच्या इंजिनाला २० इंच. व्ही तळाच्या १४ फुटी बोटींची फळी पुष्कळदा २० इंचांची असते. तुमचं इंजिन तिच्यावर लावलं तर पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पाच इंच वर राहील. मग वळताना किंवा लाटेवर मागचा भाग उचलला गेला की पंखा हवा ओढतो. इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. शिवाय इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत जातं ती जाळीही उघडी पडते आणि इंजिन तापतं. फळी कापून खाली घेऊ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मागून येणारी लाट अडवायला तीच एक भिंत असते.

म्हणजे व्ही तळाची बोट घेतलीत तर बहुधा इंजिनही बदलावं लागेल. ‘किमतीत फार फरक नाही’ हे तुमचं गणित तिथेच बदलतं.

आता वजन. चार माणसं प्रत्येकी ७० किलो धरून २८०, इंजिन ५०, पेट्रोल आणि टाकी १०, कॅमेरे, पाणी, नांगर, दोर मिळून ४०. व्ही बोटीचं एकूण वजन ६१० किलो होतं, सपाट बोटीचं ४९०. १५ एचपीने भागा : एका एचपीमागे व्ही बोटीला जवळजवळ ४१ किलो, सपाट बोटीला ३३. बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून धावावी असं वाटत असेल तर सपाट तळाला एचपीमागे २५ ते ३० किलोपर्यंत चालतं. खोल व्ही तळ मात्र २० किलोच्या आसपास आल्याशिवाय नीट चढत नाही, कारण व्हीच्या उतारामुळे पाण्याच्या दाबातला बराचसा भाग बोट उचलण्याऐवजी बाजूला जातो. दोनच माणसं बसली तर आकडे ३१ आणि २३ होतात. म्हणजे तुमच्या इंजिनावर सपाट बोट दोघांना घेऊन आरामात धावेल, तिघांना घेऊन जेमतेम, चौघांना घेऊन नाही. व्ही बोट दोघांनाही घेऊन नाक वर करून, मागे मोठी लाट ओढत, पेट्रोल पीत राहील. अशा अर्धवट स्थितीत बोट चालवणं सगळ्यात वाईट, कारण नाक वर असल्याने समोरचं दिसत नाही.

उजनीची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची पाचेक टक्के ताकद कमी होते. कागदावरचे १५ एचपी तिथे पूर्ण मिळत नाहीत. नेहमीच्या ओझ्यासह पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे मोजा. इंजिनाच्या पुस्तिकेत ५,००० ते ६,००० असा पल्ला दिलेला असेल आणि तुमचे फेरे ४,७०० वरच अडत असतील, तर पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकावा ते अंतर) एक इंचाने कमी घ्या. त्याने साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. हे न करता इंजिन तसंच ओढत ठेवलं तर ते गुदमरून चालतं आणि लवकर झिजतं.

एवढं मोजून झाल्यावर तळाच्या आकाराकडे या. मागच्या फळीपाशी तळ आडव्या रेषेपासून किती अंशांनी वर उचललेला आहे, त्यावर त्याची जात ठरते. शून्य ते पाच अंश म्हणजे सपाट, दहा ते पंधरा म्हणजे मध्यम व्ही, वीस ते चोवीस म्हणजे खोल व्ही. पुढचं टोक पाहून फसू नका. नाळ प्रत्येक बोटीची टोकदारच दिसते. बोट ट्रेलरवर असताना मागे जाऊन खाली बसा, तळाला लाकडी पट्टी लावा आणि मोबाइलमधल्या कोनमापकाने अंश वाचा. ‘खोल व्ही’ म्हणून विकायला ठेवलेल्या कित्येक बोटी मागे बारा अंशांच्याच निघतात. तुमच्या वापराला खरं तर तीच बरी.

अंशांचा परिणाम लाटेत कळतो. हाताचा तळवा पाण्यावर सपाट आपटा, मग तोच हात कडेने मारा. सपाट आणि व्ही तळ लाटेवर पडताना हाच फरक असतो. उजनीवर पाच किलोमीटर उघड्या पाण्यावरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला तर लाट साधारण ३० सेंटीमीटर उठते, ताशी ४५ चा आला तर अर्ध्या मीटरच्या जवळ जाते. आकडे छोटे वाटतात. पण या लाटांची शिखरं एकमेकींपासून सात-आठ मीटरवरच असतात आणि तुमची बोट सव्वाचार मीटरची आहे. समुद्राच्या लांब लाटेवर बोट चढते आणि उतरते; इथे ती एका लाटेवरून सुटून सरळ पुढचीच्या अंगावर पडते. सपाट तळाला तो दणका पूर्ण बसतो. रिव्हेट ढिले होतात, पाठीत कळ येते, पुढे बसलेला माणूस आणि त्याचा कॅमेरा दोन्ही भिजतात. व्ही तळ तेच पाणी चिरून बाजूला सारतो.

उभं राहून फोटो काढताना मात्र पारडं फिरतं. थांबलेली सपाट बोट एकाच्या हालचालीने फारशी कलत नाही. खोल व्ही बोट थांबली की एकजण बाजूला सरकला तरी कलते, मग एका मर्यादेवर घट्ट होऊन टिकून राहते. सपाट बोटीचं उलट आहे. ती बराच वेळ हलत नाही, पण तिघे एकाच कडेला झुकले आणि कड पाण्याला लागली की सावरायला वेळच मिळत नाही. तिच्या स्थिरपणावर विसंबून सगळ्यांनी एकाच बाजूने फ्लेमिंगो पाहायला उठू नये. ‘उठणार एकच, बाकीचे बसलेले’ हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

उथळ पाण्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. सपाट बोट चौघांसह ११-१२ सेंटीमीटरच बुडते, व्ही बोट २५ ते ३०. हे खरं, पण इंजिन तळाच्याही खाली आणखी तीसेक सेंटीमीटर असतं. म्हणजे इंजिन चालू असताना सपाट बोटीलाही ४५ सेंटीमीटर पाणी हवंच. तिचा खरा फायदा इंजिन वर उचलून बांबूने बोट ढकलायला घेतल्यावर मिळतो. पक्ष्यांसाठी तसंही तेच करायचं आहे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ भागातले नावाडी थव्यापासून लांबच इंजिन बंद करतात ते उगाच नाही. त्याच पट्ट्यात चिलापीसाठी लावलेली नायलॉनची जाळी असतात. ती पंख्यात गेली तर शाफ्टभोवती आवळली जातात आणि मागचं तेलाचं सील कापतात. थर्माकोलचे किंवा बाटल्यांचे तरंगे रांगेने दिसले की रांगेचं टोक शोधून वळसा घाला. जाळं अडकलंच तर इंजिन बंद करून, वर उचलून, दोरा कापून काढा. उलट्या गिअरने सोडवायला जाल तर आणखी आवळेल. ते जाळं कुणाच्या तरी पोटापाण्याचं आहे, हे विसरू नये.

जलपर्णीचाही असाच त्रास. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक पिचकारी उडत असते, तिच्यावर सतत नजर ठेवा. ती थांबली की जाळीत पाला अडकला असं समजून लगेच इंजिन बंद करायचं, उचलायचं, पाला काढायचा. ‘काठापर्यंत जाऊ, मग बघू’ म्हटलं की पाणी खेचणारा रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, जळतो.

उन्हाळ्यात उजनीचा साठा वजा पातळीत जातो आणि पळसदेवच्या देवळासारखी जुनी बांधकामं उघडी पडतात. मे महिन्यात जे दगड, बांध आणि खुंट काठावर दिसतात, तेच नोव्हेंबरात पाण्याखाली वीतभर अंतरावर असतात. शेतावर जाणारच आहात, तर पाणी उतरलेलं असताना तुमच्या काठाचे फोटो आणि मोबाइलवरच्या नकाशात खुणा करून ठेवा. दगडाला घासून ॲल्युमिनियमला पोचा पडतो, फायबर तडकतं. पोचा दिसतो आणि बहुधा गळत नाही. तडा मात्र दिसत नाही आणि आतल्या लाकडात पाणी जात राहतं.

आमचा कौल : हेच इंजिन ठेवायचं असेल तर सपाट बोट घ्या, तिच्यात तीनच माणसं बसवा आणि पलीकडच्या काठाचा बेत सोडा. चौघांनी रुंद पाणी ओलांडायचंच असेल तर व्ही बोट आणि तिच्यासोबत ३० एचपीचं लांब दांड्याचं इंजिन असा पूर्ण खर्च धरा. बोट त्या ताकदीला मान्य आहे का, हे तिच्या पाटीवर आधी वाचा. सपाट बोट घेऊन व्ही बोटीचं काम करून घेण्याचा मोह फार जणांना होतो, आणि अपघात तिथेच होतात.

सपाट बोट बुडते ती बहुतेक मागून. पंधरा इंची फळीतले १२ सेंटीमीटर बुडालेले, म्हणजे पाण्यावर उरतात २६. दोन माणसं आणि टाकी मागे ठेवली तर १५ सुद्धा उरत नाहीत. अशात वेगाने येऊन थ्रॉटल एकदम बंद केला की बोट थांबते, पण तिनेच उठवलेली लाट मागून पोहोचते आणि फळीवरून आत ओतली जाते. टाकी मध्ये ठेवा, सगळ्यात जड माणूस मधल्या बाकावर बसवा आणि थ्रॉटल तीन-चार सेकंदांत टप्प्याटप्प्याने कमी करा.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उजनीवर वळीव चढतो. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. त्या महिन्यांत सकाळी अकरापर्यंत काठावर परत या. इतर वेळी लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला की काठाच्या आडोशाने परता. लाइफ जॅकेट काठावरच अंगात घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. पोहता येणाऱ्यांनीही.

प्रश्न : जुनी फायबर बोट घेताना आतून कुजलेली आहे हे कसं ओळखायचं? रंग तर सगळ्यांचाच चकचकीत असतो.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : पहिली तपासणी वजनकाट्यावर. ट्रेलरसह बोटीचं वजन करा, बोट उतरवून रिकाम्या ट्रेलरचं करा आणि वजाबाकी कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून पाहा. चाळीस-पन्नास किलो जास्त भरले आणि बोटीत तेवढं सामान नसेल, तर तळातला फोम पाणी प्यायलेला आहे. हा फोम वाळत नाही. त्याच्यावरची पायाखालची फळी कापून तो काढावा लागतो. अशी बोट स्वस्तातही घेऊ नये.

त्यानंतर मागची फळी. तिच्या आत बहुधा प्लायवुड असतं आणि इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत जातं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दर दोन इंचांवर ठोकत जा. भरीव भागात टणक, कोरडा आवाज येतो. कुजलेल्या भागात बद्द. मग इंजिन थोडं वर उचलून त्याचा खालचा भाग दोन्ही हातांनी वर-खाली दाबा आणि दुसऱ्याला फळीच्या कडेवर हाताचं बोट ठेवायला सांगा. फळी वाकताना जाणवली की सौदा थांबवा. मालक तयार असेल तर आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरचं एकच भोक पाडून भुसा पाहावा. पिवळसर कोरडा असेल तर उत्तम. तपकिरी आणि ओला असेल तर फळी संपलेली आहे. भोक लगेच इपॉक्सीने बुजवा.

तळाखालची एक तपासणी फारसं कुणी करत नाही. मागच्या टोकापासून पुढे दीड मीटर लांब सरळ पट्टी तळाला लावा. मध्ये तीन-चार मिलिमीटर फट दिसली, म्हणजे तळ आत दबला असेल, तर ती बोट धावताना नाक खाली घालेल आणि वेग घेणार नाही. ट्रेलरचा आधार मागच्या फळीच्या पुढेच संपत असेल तर वर्षानुवर्षं इंजिनाचं वजन लोंबकळून हा दोष येतो. चांगली बोट घेतल्यावरही मागचे रोलर थेट फळीखाली आहेत ना, हे पाहा. ट्रेलरच्या हुकवर एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार यायला हवा. त्याहून कमी असला तर सोलापूर रस्त्यावर साठच्या पुढे गेल्यावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

ॲल्युमिनियमची बोट असेल तर ती ट्रेलरवरच ठेवून आत पाच सेंटीमीटर पाणी भरा आणि खालून पाहा. गळणाऱ्या प्रत्येक रिव्हेटपाशी मार्करने खूण करा. पाच-सहा गळणारे रिव्हेट पुन्हा ठोकून बसवता येतात. एका ओळीतले सगळेच गळत असतील तर आतली बरगडी तुटलेली असण्याची शक्यता आहे. या बोटीला तांबं असलेला रंग लावू नका, पितळी बूच लावू नका, आणि तांब्याचं औषध मारलेलं प्लायवुड थेट टेकवू नका. ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

इंजिनाच्या गिअरचं तेल बाटलीत काढून बघा. दुधाळ असेल तर सील गेलं. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे आणखी एक बाब आली आहे. हे पेट्रोल ओलावा धरतं आणि उभ्या बोटीत पाणी तळाला वेगळं होतं. तीन-चार आठवडे बोट काढायची नसेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, आणि पेट्रोलच्या नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा.

प्रश्न : भाटघरच्या काठाला आमची जमीन दोन्ही बाजूंना आहे. खताच्या दहा गोणी आणि तीन माणसं एका फेरीत न्यायची आहेत. १६ फुटी, सहा फूट रुंद फायबर बोट पाहिली आहे. तिच्या तळाला पुढून मागे गेलेले तीन कणे आहेत. दुसरी तेवढ्याच लांबीची व्ही तळाची. कोणती?
– एक वाचक, भोर

उत्तर : तीन कण्यांची. पण दहा गोणी नाहीत.

फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा, हा लहान बोटींसाठी माणसांचा ढोबळ हिशेब आहे. सोळा गुणिले सहा म्हणजे ९६. पंधराने भागून सहा माणसं, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या आसपास. युरियाची गोणी ४५ किलोची. तीन माणसांचे २१० वजा केले तर चार गोणी बसतात, फार तर पाच. दोन-तीन फेऱ्या करा; एकाला काठावर ठेवलंत तरी दोन लागतीलच. ओझं भरल्यावर कडेचा सगळ्यात खालचा भाग पाण्यापासून निदान ३० सेंटीमीटर वर राहिला पाहिजे. आत आणि बाहेर त्या पातळीवर रंगाची रेघ मारून ठेवा.

व्ही तळाचे गुण वेगात दिसतात. तुम्ही ओझं घेऊन हळूच जाणार. जिची पाण्याला टेकलेली लांबी पंधरा फूट आहे अशी बोट पाण्यावर न चढता फार तर ताशी साडेनऊ किलोमीटर जाते. त्यापुढे कितीही ताकद लावली तरी ती आपल्याच लाटेवर नाक चढवून बसते. या वेगाला आठ-दहा एचपी पुष्कळ झाले आणि व्हीचा काही उपयोग होत नाही. उलट गोण्या चढवताना ती कलते. तीन कण्यांच्या बोटीत बाजूचे दोन कणे रुंदीच्या टोकाला असल्याने कडेवर पाय दिला तरी ती फार झुकत नाही आणि आतली पायाखालची फळी जवळजवळ चौकोनी मिळते. या जातीची १३ फुटी बोस्टन व्हेलर ही अमेरिकी बोट १९५८ मध्ये आली. तिच्या आराखड्यात बोटींचे आराखडे करणारे रेमंड हंट होते, आणि खोल व्ही तळ लोकप्रिय करणारी, १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत जिंकणारी बर्ट्रामची बोटही त्यांच्याच आराखड्याची. एकाच माणसाने दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळे तळ दिले, हे बोट निवडताना ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

या बोटीचा दोष पुढे आहे. रुंद, बोथट नाकावर ओझं आलं तर समोरची लाट ते सरळ उचलून आत घेतं. गोण्या मधल्या भागात, लाकडी पट्ट्यांवर, तळाच्या पाण्यापासून वर ठेवा आणि दोराने बांधा. सुटलेली एक गोणी घसरली की बाकीच्या तिच्यामागे जातात.

आणि तळाखाली तरंगण्याची सोय तपासा. पाणी भरलं तरी बोट बुडू नये म्हणून या आकाराला निदान २०० लिटर बंदिस्त हवा किंवा फोम हवा. थर्माकोल घालू नका. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. वीस लिटरचे दहा रिकामे प्लास्टिक कॅन, बुचं घट्ट लावून, बाकांखाली पट्ट्यांनी आवळले तर काम स्वस्तात होतं. ते दोन्ही बाजूंना सारखे विभागा.

प्रश्न : स्वतःची बोट पुण्याजवळच्या कोणत्याही धरणात सोडता येते का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत. तिथे कुणी विचारणार नाही अशा समजुतीवर पेट्रोलचं इंजिन नेऊ नका. जलाशय जलसंपदा विभागाचा असेल तर संबंधित कार्यकारी अभियंत्याची लेखी परवानगी लागते. मुळशीचं धरण टाटांचं आहे. याशिवाय यांत्रिक बोटीची नोंदणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली येते. राज्यात त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागतं. ट्रेलरची नोंदणी आरटीओत वेगळी. क्रम असा ठेवा : आधी जागा आणि परवानगी, मग बोट. धायरीच्या वाचकांनीही हे उत्तर वाचावं. शेत काठाला आहे म्हणून पाणी आपलं होत नाही.

प्रश्न : पेट्रोलऐवजी बॅटरीवरची छोटी मोटर लावली तर कोणता तळ चांगला?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हलका आणि सपाट. बारा व्होल्टच्या, ५५ पौंड रेट्याच्या मोटरला पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर लागतात. १०० अँपिअर-तासाची लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून पूर्ण वेगात ती तासभर चालते; तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ दोन तास. निम्म्या वेगात वेळ कितीतरी वाढतो. दोघांसह १४ फुटी ॲल्युमिनियमची सपाट बोट ताशी पाच-सहा किलोमीटर जाईल. पक्ष्यांसाठी एवढा वेग पुरतो. जड व्ही बोट त्याच मोटरवर आणखी हळू जाते.

हलक्या बोटीला वारा पटकन ढकलतो, म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना परतीला वारा पाठीशी असेल. बॅटरीतला जेवढा चार्ज वापरायचा आहे त्यातला निम्मा संपला की वळायचं, आणि वल्ह्यांची जोडी बोटीत कायम ठेवायची. केबल १६ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक घेऊ नका. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत ६० अँपिअरचा ब्रेकर लावा. पाल्यात पंखा अडकला की मोटर एकदम जास्त करंट ओढते आणि ब्रेकर नसेल तर आधी केबल तापून वितळते. बॅटरी झाकणाच्या डब्यात, पट्ट्याने बांधून, बोटीच्या मध्यरेषेवर ठेवा.